जबड्यांची दुसरी प्रत

आमच्या धंद्याबद्दल चारचौघांत बोलायची सोय नाही. कोणी "आपण काय करता?" असं विचारलं, की मी "वैद्यकीय क्षेत्रात आहे" म्हणतो, आणि समोरचा लगेच त्याची पाठदुखी सांगायला बसतो. खरं म्हणजे आम्ही कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, त्यावरून आम्ही प्लॅस्टरचा जबडा ओततो आणि त्या जबड्यावर कवळी बेततो; नीट बसते का ते बघायला गिऱ्हाईक कधी कधी आमच्याकडेच येतं. कवळी गिऱ्हाइकाच्या घरी जाते, जबडा आमच्याकडे राहतो. पुढेमागे कवळी बेसिनात पडून फुटली किंवा नातवाने खेळायला नेली, की त्याच जबड्यावरून दुसरी करता येते. अर्ध्या गावाचं हसू आमच्या दोन खोल्यांच्या कारखान्यात फळ्यांवर ओळीने मांडून ठेवलेलं आहे. "कारखाना" हा शब्द बाबांचा. तिथे कामाला बाबा आणि मी, एवढेच.

तर या कारखान्याच्या मुळावर गोष्ट आली होती. आम्हाला काम देणारे जुने डॉक्टर एकेक करून दवाखाने बंद करत होते. अशात गावातल्या मोठ्या रुग्णालयाने दातांचा विभाग काढला आणि कवळ्यांचं सगळं काम आम्हाला द्यायची तयारी दाखवली. ते मिळालं तर कारखाना चालणार, नाही मिळालं तर मी खरोखरच दुसऱ्या एखाद्या क्षेत्रात जाणार. फक्त एक अट होती. आग, पूर, चोरी काहीही झालं तरी आमचं काम अडणार नाही, आणि आमच्या महत्त्वाच्या नोंदी सुरक्षित राहतील, याची लेखी योजना आम्ही दाखवायची होती. ती बघायला रुग्णालयाच्या बाई स्वतः येणार होत्या.

मी ते पत्र जेवताना वाचून दाखवलं आणि इथेच चुकलो, कारण त्या दिवशी माझा मेहुणा जेवायला होता.

माझा मेहुणा एका मोठ्या कंपनीत आपत्ती विभागात आहे. त्या कंपनीवर आजपर्यंत एकही आपत्ती आलेली नाही, त्यामुळे त्याचा पगार दरवर्षी वाढतो. पत्र ऐकताच त्याने ताट बाजूला सारलं.

"भाऊजी, समजा आज तुमचा कारखाना जळाला."

"अरे, जेवताना काय बोलतोस!" ही म्हणाली.

"ताई, समजा म्हटलं. जळाला. उद्या सकाळी तुमच्याकडे काय उरलं?"

"कर्ज," मी म्हणालो.

"चूक! तुमच्याकडे धंदाच उरला नाही. का? कारण तुमच्या नोंदी गेल्या. भिंती परत बांधता येतात. नोंदी गेल्या की गेल्या. तेव्हा नोंदीची दुसरी प्रत करायची, ती मूळ जागेपासून लांब ठेवायची, आणि प्रत कशी हवी? हुबेहूब! कानामात्रेचाही फरक नको."

"पण आमच्या नोंदी म्हणजे जबडे आहेत," मी म्हणालो.

"मग जबड्यांच्या प्रती करा," मेहुणा म्हणाला आणि त्याने ताट परत पुढे ओढलं. मोठ्या कंपनीत माणसं अशीच काम करत असावीत.

बाबांना ही कल्पना पहिल्यापासून पटली नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की जबडा ही माणसाची खाजगी वस्तू आहे, तिच्या प्रती काय काढायच्या? पण रुग्णालयाचं काम त्यांनाही हवं होतं. शेवटी ते म्हणाले, "कर तुला काय करायचंय ते. माझ्या फळ्यांना मात्र हात लावायचा नाही." आता फळ्यांना हात न लावता त्यांच्यावरचे जबडे कसे काढायचे, हे त्यांनी सांगितलं नाही. मी पिशवी पिशवीने ते घरी नेऊ लागलो.

प्रती मी आमच्या स्वयंपाकघरात केल्या. ज्या घरात प्लॅस्टर कालवलं जातं त्या घरातल्या बाईशी त्या काळात बोलू नये, एवढाच अनुभवाचा सल्ला मी देऊ शकतो. कणीक मळायची परात गेली, दोन चमचे कायमचे गेले, आणि बेसिनाची मोरी तुंबली ती वेगळीच. ओले जबडे वाळत घालायला खिडकीशिवाय जागा नव्हती. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी त्या आठवड्यात आमच्याकडे बघून हात हलवायचं बंद केलं.

बाबांची एक सवय इथे सांगितली पाहिजे. प्रत्येक जबड्याच्या तळाला ते काळ्या शाईने नाव लिहितात, आणि नावाखाली शेरा. शेरे त्यांच्या स्वतःसाठी असतात, त्यामुळे मोकळेपणाने लिहिलेले. "डाव्या बाजूने चावतात. फार कुरकुर." "हिरडी नाजूक, स्वभाव नाही." "बसवून बघायला आले तेव्हा रडले. चांगला माणूस." मेहुण्याने हुबेहूब म्हणून बजावलं होतं. मी प्रत्येक प्रतीच्या तळाला नाव आणि शेरा, बाबांच्या अक्षरासारखं अक्षर काढून, जसाच्या तसा उतरवला. एका शेऱ्यातली खाडाखोडसुद्धा उतरवली. इतकं मन लावून काम मी शाळेत केलं असतं तर आज कवळ्या बनवत नसतो.

प्रती झाल्या. मूळ जबडे फळ्यांवर परत गेले. आता प्रती ठेवायच्या कुठे?

मी एक खोकं घेऊन बँकेत गेलो आणि लॉकर मागितला. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज पुढे केला.

"आत काय ठेवणार? दागिने, कागदपत्रं की इतर?"

"इतर."

"इतर म्हणजे?"

"जबडे."

साहेबांनी चष्मा काढला. "कोणाचे?"

"गावातल्या लोकांचे. प्लॅस्टरचे आहेत," मी घाईघाईने म्हणालो आणि खोकं उघडून दाखवलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी रांग बदलली.

साहेब आत जाऊन मोठ्या साहेबांना विचारून आले. वस्तू दुसऱ्याच्या तोंडाची असल्यामुळे ज्याचं तोंड त्याचं संमतिपत्र लागेल, असं ठरलं होतं. मी म्हणालो, यातले काहीजण आता हयात नाहीत. ते म्हणाले, मग वारसांचं लागेल. मी विचारलं, चार भाऊ असतील तर? साहेब म्हणाले, मग चौघांचं, आणि जबड्यात कोणाचा किती हिस्सा तेही लिहून आणा. मी खोकं बंद करून घरी आलो.

जिना चढताना हेडमास्तर भेटले. हे आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. निवृत्त होऊन जमाना झाला, पण जिन्याने जाणारं कोणीही त्यांच्या दृष्टीने अजून विद्यार्थीच असतं. त्यांचे दात हा आमच्या इमारतीचा अभिमान होता. या वयात पांढरेशुभ्र, एका ओळीत. संध्याकाळी पोरं अंगणात जमली की हेडमास्तर त्यांना ओठ वर करून दात दाखवायचे आणि म्हणायचे, "मिठाने घासा. रोज. मी बघा!" दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर त्यांचं ऐकून काकांना मिठाने दात घासायला लावलं होतं. काकांच्या हिरड्या सोलवटून निघाल्या, तरी हेडमास्तरांचा दाखला दिला की त्यांना बोलायला जागा राहत नसे.

ते दात आम्ही केले होते. माप घेणारे डॉक्टर सोडले तर बाबा, मी आणि हेडमास्तर, एवढ्या तिघांनाच ते ठाऊक होतं. हिलासुद्धा मी कधी सांगितलं नव्हतं, यावरून काय ते ओळखा.

"खोक्यात काय आहे रे?" हेडमास्तरांनी विचारलं. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी जिन्यात वरखाली बघून घेतलं.

"तळाला नंबर घातलेस ना? नावं नाहीत ना?"

आता इथे मी काय सांगायला हवं होतं ते कोणीही सांगेल. पण शाळामास्तरासमोर उभं राहून "चुकलो" म्हणायची मला लहानपणापासून भीती वाटते. "छे, छे, नावं कशाला," मी म्हणालो.

"मग सगळं एका जागी ठेवू नकोस," ते खुलले. "वाटून ठेव. प्रत्येक घरात एक खोकं. एका घराचं काही झालं तरी बाकीची सुरक्षित. आण इकडे, एक माझ्याकडे राहू दे." मोठ्या कंपनीलाही हे सुचलं नसतं. त्याच संध्याकाळी मी खोकी चिकटपट्टीने बंद करून घरोघर पोचवली. कारखाना इथून दोन गल्ल्या लांब, म्हणजे मूळ तिथे आणि प्रती इथे. मेहुण्याने फोनवर माझी पाठ थोपटली. योजना मी सुवाच्य अक्षरात लिहून रुग्णालयाला पाठवून दिली.

काकूंनी त्यांचं खोकं पलंगाखाली ठेवलं होतं. त्यांचं पुढे म्हणणं असं पडलं, की खोक्यात झुरळ शिरल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी पट्टी काढून बघितलं. झुरळ नव्हतं. सगळ्यात वर एक मोठा, देखणा जबडा होता. तो त्यांनी उलटा केला. तळाला हेडमास्तरांचं नाव होतं आणि खाली शेरा: "वर-खाली पूर्ण. स बोलताना शिट्टी वाजते म्हणून दोनदा घासले. बाहेर बोलू नये."

काकू बाहेर बोलल्या. फक्त समोरच्या बिऱ्हाडात, तेही कोणाला सांगू नका अशा अटीवर. त्या बिऱ्हाडाने अट तंतोतंत पाळून वरच्या मजल्याला सांगितलं. मग सगळ्यांनीच आपापली खोकी उघडली. कोणाच्या खोक्यात कोण आहे ते वाचायला माणसं एकमेकांकडे जाऊ लागली, आणि मध्येच प्रत्येकाच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला, की आपण जर कोणाचा तरी जबडा बघतोय, तर आपला कोणाकडे आहे?

दुसऱ्या दिवशी नेमकी तपासणी होती. सकाळी मी खाली उतरलो तर हेडमास्तरांचं दार बंद. ते दार मी आयुष्यात पहिल्यांदा बंद बघितलं. मी दोनदा कडी वाजवली. आतून पाऊल वाजलं, पण दार उघडलं नाही. अंगणातली पोरं आपसांत ओठ वर करून दात दाखवत होती आणि हसत होती. मला फार लाज वाटली. बाबांनी इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट मी सुरक्षित ठेवायच्या नादात गावभर केली होती.

कारखान्यात पोचतो न पोचतो तोच शेजारी येऊ लागले. प्रत्येकाच्या हातात खोकं.

"हे घे बाबा तुझं. आमच्या घरात नको," वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. "आणि काय रे, मी कुरकुर करतो काय?"

"ते बाबांचं मत आहे," मी म्हणालो.

"आजही तेच आहे," बाबा आतून म्हणाले.

काकूंचं खोकं आलं, हेडमास्तरांचंसुद्धा एका पोराबरोबर आलं, आणि बघता बघता खोक्यांची रास झाली. मूळ आणि प्रती एकाच खोलीत, आणि माझ्या योजनेच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं, की त्या कधीही एका जागी नसतील. बाई यायची वेळ होत आली होती. मी फळ्यांच्या मांडणीवर नजर टाकली. सगळ्यात वरच्या फळीवर छतापर्यंत जागा मोकळी होती. तिथे खोकी चढवून पुढे पडदा ओढला, की कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

"अरे, ती फळी..." बाबा म्हणाले.

"बाबा, आत्ता नको."

शेवटचं खोकं मी चढवलं, पडदा ओढला, हात झटकले आणि दारात आलेल्या बाईंना हसून नमस्कार केला. तेवढ्यात माझ्या मागे मांडणी हळूच कण्हल्यासारखी वाजली. वरची फळी खालच्या फळीवर आली, ती तिच्या खालच्या फळीवर, आणि मग कोणी थांबवलंच नाही. प्लॅस्टरचा पांढरा ढग उठला. तो खाली बसला तेव्हा अर्ध्या गावाचे जबडे जमिनीवर ढिगाने पडले होते, एकही धड नव्हता, आणि ढिगाच्या वर पडदा होता.

बाई दारातच उभ्या राहिल्या. शांत बाई होत्या. त्यांनी माझी योजना पर्समधून काढली, पहिली ओळ वाचली आणि ढिगाकडे बघितलं.

"यातल्या मूळ नोंदी कोणत्या आणि प्रती कोणत्या?"

"हो," मी म्हणालो.

बाबा खाली बसून तुकडे उचलत होते. एकेका तुकड्यावरची शाई वाचत होते आणि बाजूला ठेवत होते. माझ्यावर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. रुग्णालयाचं काम गेलं होतंच, आता जुनंही राहिलं नव्हतं.

"म्हणजे उद्या एखाद्याची कवळी मोडली, तर तुमच्याकडे काहीच नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

त्याच वेळी हेडमास्तर आले. चेहरा असा की मी नकळत दोन पावलं मागे सरलो. ते मला फाडून खायला आले होते आणि त्यांना तो हक्क होता. त्यांच्यामागे काकू आणि काका, काय होतंय ते बघायला. हेडमास्तरांनी तोंड उघडलं, आणि त्यांना ढीग दिसला, बाबा दिसले, मग पेन उघडलेल्या बाई दिसल्या.

"आपण?" त्यांनी विचारलं.

"तपासणीसाठी आलेय."

हेडमास्तरांचा चेहरा पालटला. ज्या माणसाने आयुष्यभर शाळा चालवली त्याने किती तपासण्या सोसल्या असतील याची मला कल्पना नव्हती. ते ताठ उभे राहिले.

"काय अडलंय?"

"यांच्या सगळ्या नोंदी नष्ट झाल्यात. एकही जबडा परत उभा करता येणार नाही."

हेडमास्तर बाबांकडे वळले. "कवळीत प्लॅस्टर ओतलं तर जबडा निघतो ना हो? उलट्या बाजूने?"

"निघतो," बाबा खाली बघत म्हणाले. "पण त्यासाठी गिऱ्हाइकाला तोंडातली काढून द्यावी लागते. कोणाला सांगायचं असं? मी नाही सांगणार."

हेडमास्तरांनी एकदा काकूंकडे बघितलं. दारात पोरंही येऊन उभी होती, मिठाने दात घासणारी. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले, आधी वरची काढली, मग खालची, खिशातल्या रुमालाने पुसली आणि बाबांच्या हातात दिली. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. कोणी हसलं नाही. पोरंसुद्धा नाही.

बाबांनी प्लॅस्टर कालवलं. ते कवळीत काठोकाठ ओतलं. प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत थांबणं भाग होतं, आणि तेवढा वेळ हेडमास्तर बाकावर बसून राहिले, मान वर, तोंड मिटून. मी चहा दिला. बिस्किटं आणली होती ती गुपचूप मागे घेतली. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि रडूही येत होतं.

"सर, मी खोटं बोललो. नावं घातली होती," मी म्हणालो. त्यांनी हातानेच "बस खाली" अशी खूण केली. वर्गात करत असतील तशी.

शेवटी काकूंनाच ती शांतता सोसवेना. "हेडमास्तरांचं झालं की माझंही करून टाका," त्या बाबांना म्हणाल्या आणि पदर तोंडाशी नेला. "पुढचे चार आहेत फक्त."

काका गर्रकन वळले. "तुझे? कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"आणि मला मीठ?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजातलं दुःख मी लिहू शकत नाही.

बाबांनी कवळी सोडवली. खाली जबडा उभा होता, अखंड, हेडमास्तरांचा. बाबांनी सवयीने पेन उचललं, तळाशी नेलं, आणि थांबले. मग एक नंबर घातला. शेरा लिहिला नाही.

बाईंनी जबडा हातात घेऊन फिरवून बघितला. "नोंद परत उभी राहिली. मला तेच बघायचं होतं. बाकीचेही असे येतील?"

"येतील," काकू म्हणाल्या. "मी आणते एकेकाला." त्या आणणार याबद्दल तिथे कोणालाच शंका नव्हती.

"ठीक. पण एक रकाना राहतो," बाई म्हणाल्या. "प्रती ठेवणार कुठे? लांब हव्यात, आणि ज्याच्याकडे असतील त्याने उघडून बघता कामा नये. बघितलं तरी बोलता कामा नये. असा माणूस मला आत्ता लेखी हवा. तो नसेल, तर काम देता येणार नाही."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. काकूंनी माझी नजर चुकवली. काका काकूंकडे बघत होते. मी बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी चक्क खिडकीबाहेर बघितलं.

हेडमास्तरांनी बाबांच्या हातून कवळी घेतली, आधी खालची बसवली, मग वरची, अंगठ्याने दाबून नीट केली.

"माझं नाव लिहा," ते बाईंना म्हणाले. "दुसऱ्याचं झाकलेलं कसं सांभाळायचं, ते माझ्याइतकं आता इथे कोणाला कळणार?"

बाईंनी ते नाव रकान्यात लिहिलं आणि खाली सही केली.